दुकानाचं खातं वहीतून टॅलीत घेताना २७,४८० रुपयांचा फरक येतोय, तो शोधायचा कसा?

खरीप_रब्बी

नमस्कार मंडळी. पंढरपूर तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं, थोडं ठिबकचं सामान. तीस वर्षं सगळा हिशोब सासऱ्यांच्या हातचा, कीर्द-खतावणीत. मामांना कुणाचं किती येणं आहे हे वही न उघडता सांगता येतं. गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आता बारीक आकडे लिहिताना डोळ्यांना पाणी येतं. म्हणून मी तालुक्याला दोन महिने टॅलीचा, म्हणजे संगणकावर हिशोब ठेवायच्या प्रोग्रॅमचा, क्लास केला आणि दुकानात संगणक घेतला.

क्लासमध्ये प्रत्येक उदाहरणाची सुरुवात एकच असायची, ‘रोख ५०,००० भांडवल घालून व्यवसाय सुरू केला’. मग खरेदी, विक्री, पगार, भाडं, की ताळेबंद जुळला. मला ते छान जमलं. पण आमचं दुकान ५०,००० घालून सुरू होणारं नाही. १ एप्रिल २०२५ ला सकाळी शटर वर केलं तेव्हा १४३ शेतकऱ्यांकडे उधारी होती, अकरा वितरकांचं देणं होतं, गोडाऊनमध्ये माल होता, बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीचं कर्ज, होतं. हे सगळं ‘ओपनिंग बॅलन्स’ म्हणून घालायचं, एवढं एका वाक्यात सांगून क्लासमध्ये पुढचा धडा घेतला.

आठ दिवस बसून सगळी खाती उघडली. ताळेबंद काढला तर खाली एक जादा ओळ आली, ‘डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस २७,४८०’. डेबिट जास्त आहे. मी २७,४८० हा आकडा वहीत शोधला, त्याच्या निम्मा १३,७४० पण शोधला. कुठेच नाही. सीएंनी गेल्या वर्षी काढलेला ताळेबंद हाताशी आहे, त्याचे आकडे देते:

येणं बाजू: रोख ३८,६४०, चालू खातं २,१४,३८०, शेतकऱ्यांकडून येणं ११,७२,६५०, माल ९,४६,२००, फर्निचर-संगणक-वजनकाटा ८४,०००, दुकानाचं डिपॉझिट १,००,०००, जीएसटीचं शिल्लक क्रेडिट ४१,७३०. एकूण २५,९७,६००.

देणं बाजू: वितरक ८,६३,४२०, कॅश क्रेडिट ६,००,०००, शेतकऱ्यांची आगाऊ रक्कम ४६,५००, भांडवल १०,८७,६८०. एकूण तेवढंच.

कागदावर जुळतं, माझ्याकडे जुळत नाही. एप्रिलपासूनच्या नोंदी यावरच उभ्या राहणार, त्यामुळे पुढे जायला हात धजत नाही.

नवी_शाई

ताई, माझं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष आहे. आम्हाला सांगितलंय की फरक सस्पेन्स (तात्पुरत्या) खात्यात टाकायचा आणि पुढे जायचं. तसं केलं तर?

रोजमेळ

सस्पेन्सला टाकू नका. वर्ष चालू असताना एखादी पावती कुणाची हे कळत नसेल तर चार दिवस सस्पेन्समध्ये ठेवणं वेगळं. पायाच्या दगडाखाली सस्पेन्स ठेवायचा नसतो.

मी सांगलीला हळदीच्या अडतीत दिवाणजी होतो, अडतीस वर्षं. शेवटची चौदा वर्षं टॅलीवर. वहीतून संगणकावर खातं नेण्याचं काम मी आमच्या पेढीचंही केलं आणि शेजारच्या दोन-तीन पेढ्यांचंही. प्रत्येक ठिकाणी पहिल्या ताळेबंदाला फरक आलाच होता. त्यामुळे तुमचं काही चुकतंय असं मनात आणू नका.

जुन्या माणसांचे दोन ठोकताळे आहेत. फरकाला दोनने भाग जाऊन जो आकडा येतो तो वहीत सापडला, तर ती रक्कम चुकीच्या बाजूला गेली आहे. नावेची जमेला किंवा जमेची नावेला. आणि फरकाला नऊने भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाली आहे, ५४ च्या जागी ४५ असं, किंवा एखादं शून्य कमी-जास्त पडलं आहे. पण हे दोन्ही ठोकताळे चूक एकच असेल तेव्हा चालतात. तुमच्या २७,४८० ला नऊने भाग जात नाही आणि १३,७४० वहीत नाही, म्हणजे बहुधा चुका दोन किंवा जास्त आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्या आहेत.

म्हणून एकूण फरकाच्या मागे लागू नका. सीएंच्या ताळेबंदातला एकेक गट घ्या आणि टॅलीतल्या त्याच गटाची बेरीज शेजारी लिहा. डेटर्स (ज्यांच्याकडून येणं), क्रेडिटर्स (ज्यांचं देणं), माल, बँक, एवढंच. कुठला गट जुळत नाही ते इथे सांगा.

खरीप_रब्बी

काका, लगेच बसले. रोख, बँक, फर्निचर, डिपॉझिट, जीएसटी, कॅश क्रेडिट, भांडवल सगळं जुळलं. तीन ठिकाणी फरक आहे.

डेटर्स टॅलीत १२,१९,१५०, ताळेबंदात ११,७२,६५०.
वितरक टॅलीत ८,५९,८२०, ताळेबंदात ८,६३,४२०.
माल टॅलीत ८,७७,०८०, ताळेबंदात ९,४६,२००.

आणि लिहिता लिहिताच डेटर्सचं कळलं. फरक ४६,५०० आहे, तो आगाऊ रकमेचा आकडा!

रोजमेळ

अगदी बरोबर. ऊसबिल हातात आलं की काही शेतकरी खरिपाच्या खतासाठी दुकानात पैसे ठेवून जातात, तीच ही मंडळी. संड्री डेटर्सखाली खातं उघडून ओपनिंगला रक्कम टाकली की टॅली आपणहून डेबिट धरतं. त्यांचं तुम्ही देणं लागता, म्हणून तिथे क्रेडिट करावं लागतं. येण्यात ४६,५०० जादा आले आणि देण्यातून ४६,५०० गेले, म्हणजे ताळेबंदावर ९३,००० चा परिणाम. दुरुस्त करा आणि परत बघा.

खरीप_रब्बी

सात खाती होती, सातही क्रेडिट केली. मामांच्या खतावणीत ती शेवटच्या पानांवर वेगळी लिहिलेली आहेत, डाव्या बाजूला. मामांच्या वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. क्लासमध्ये डावी बाजू डेबिटची शिकवली. माझ्या हातून तिथेच गेलं असणार.

पण काका, आता फरक ६५,५२० दाखवतंय! आणि तो पलीकडच्या बाजूला गेला, क्रेडिट जास्त. वाढला की हो.

रोजमेळ

वाढू द्या. आधीच्या चुका एकमेकींना झाकत होत्या, त्यातली एक निघाली. ९३,००० वजा २७,४८० किती होतात ते करून बघा, ६५,५२०च येतात. म्हणजे तुमची दुरुस्ती बरोबर झाली आहे.

जमा-नावेचं तुम्ही फार महत्त्वाचं लिहिलंत. आपल्या देशी पद्धतीत माणसाचं खातं लिहिताना त्याने दिलेलं जमा, डावीकडे. त्याने नेलेलं नावे, उजवीकडे. टॅलीत नेलेलं म्हणजे डेबिट, डावीकडे. अर्थ तोच, बाजू उलट. मामांची वही उतरवताना डावं-उजवं बघायचंच नाही, वर ‘जमा’ लिहिलंय की ‘नावे’ तेवढं वाचायचं.

नवी_शाई

रोजमेळ काका, ६५,५२० ला नऊने भाग जातो, ७,२८० येतात. म्हणजे आता एकच चूक उरली का?

रोजमेळ

भाग जातो हे खरं, पण ताईंनी वर सांगितलंय की अजून दोन गट जुळत नाहीत. नऊच्या दोन चुकांची वजाबाकीही नऊनेच भागली जाते. म्हणून गट सोडून एकूण आकड्याशी खेळायचं नाही. वितरकांत ३,६०० कमी आहेत. त्याला नऊने भाग जातो, ४०० येतात. आणखी बारीक बघायचं तर ९०० ने भागा, ४ येतात. म्हणजे बहुधा हजार आणि शतक या दोन घरांतले आकडे उलटे पडले आहेत आणि त्या दोन आकड्यांत चारचं अंतर आहे. अकराच खाती आहेत, नजरेनेच सापडेल.

खरीप_रब्बी

सापडलं!! औषधांच्या एका वितरकाचे ६८,४५०, मी ६४,८५० टाकले होते. आठ आणि चार. काका, नमस्कार स्वीकारा.

आता फरक ६९,१२०, आणि मालातला फरकही नेमका तेवढाच. रात्र झाली, सकाळी मालाचं बघते.

नवी_शाई

मधेच विचारतो, माफ करा. माझा गोंधळ दुसरीकडे होतो. बँकेत पैसे भरले की पासबुकात ‘क्रेडिट’ येतं, मेसेजही ‘क्रेडिटेड’ असाच येतो. आणि टॅलीत बँक डेबिट करायची. परीक्षेत नियम पाठ करून लिहितो, पण खरं कारण कळलेलं नाही.

पासबुक

मी बँकेतून निवृत्त झालोय, हा प्रश्न काउंटरवर शेकडो वेळा ऐकलाय. बाळा, पासबुक ही तुझी वही नाही, बँकेच्या वहीतलं तुझं पान आहे. तू पैसे दिलेस म्हणून बँक तुझं देणं लागते, तिच्या वहीत तू धनको, म्हणून तुझ्या नावावर जमा. तुझ्या वहीत तीच बँक तुझी ऋणको, म्हणून तिच्या नावे. मामांच्या वहीत शेतकऱ्याच्या नावे १,३५० लिहिलेले असतात आणि शेतकरी घरी डायरीत ‘दुकानाचे द्यायचे’ असं लिहितो, तसंच हे. बँक रिकन्सिलिएशन करताना तर पासबुकातलं प्रत्येक क्रेडिट तुझ्या डेबिटसमोर लावायचं असतं. महिन्याला एकदा ते केलं की न वटलेला चेक, कापलेलं शुल्क, कॅश क्रेडिटवरचं व्याज सगळं उजेडात येतं.

नवी_शाई

तीन वर्षांत हे असं कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

सरावपाठ

मी कोल्हापूर जिल्ह्यात टॅली शिकवतो. ताईंची क्लासबद्दलची तक्रार रास्त आहे. शून्यातून सुरू होणारी कंपनी शिकवायला सोपी, दोन तासांत ताळेबंद दाखवता येतो. चालत्या दुकानाचं खातं आणायचं म्हटलं की प्रत्येक मुलाची वही वेगळी, प्रश्न वेगळे. मी आता शेवटचे दहा दिवस मुलांना घरच्या किंवा शेजारच्या दुकानाचा जुना ताळेबंद आणायला सांगतो आणि तोच उभा करून घेतो. अवघड जातं, पण मुलं तिथेच खरी शिकतात.

ज्यांना घरी सराव करायचाय त्यांच्यासाठी सांगतो, परवाना न घेताही टॅलीप्राइम एज्युकेशनल मोडमध्ये चालतं. त्यात तारखा महिन्याच्या १, २ आणि ३१ एवढ्याच टाकता येतात. शिकायला तेवढं पुष्कळ आहे. कळा पाठ करत बसू नका, हात बसला की आपोआप येतात. कॉन्ट्रा एफ ४, पेमेंट एफ ५, रिसीट एफ ६, जर्नल एफ ७, विक्री एफ ८, खरेदी एफ ९. नोंद करता करता नवं खातं उघडायचं तर ऑल्ट सी, नोंद पक्की करायला कंट्रोल ए. नवीन माणूस गल्ल्यातली रोकड बँकेत भरली की ती पेमेंटमध्ये टाकतो. ती कॉन्ट्रा आहे, कारण पैसा दुकानाबाहेर गेलाच नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला.

खातं कुठल्या गटाखाली उघडता, तिथे मात्र घाई नको. टॅलीत २८ गट तयार असतात आणि कॅश व प्रॉफिट अँड लॉस ही दोन खाती. बाकी सगळं आपल्या हातात. माल आणण्याचं टेम्पोभाडं डायरेक्ट एक्स्पेन्सेसमध्ये, दुकानाचं लाइटबिल इनडायरेक्टमध्ये. टेम्पोभाडं इनडायरेक्टला टाकलं तरी शेवटचा नफा तोच येतो, पण ग्रॉस नफा फुगलेला दिसतो आणि मालावर खरे किती सुटतात हे कधीच कळत नाही.

खरीप_रब्बी

माल जुळला! ६९,१२० ला नऊने भागलं, ७,६८० आले. मालाच्या यादीत ७,६८० किंमत असलेली एकच वस्तू, एक कीटकनाशक. गोडाऊनमध्ये १२ बॉक्स आहेत, एका बॉक्सात १० बाटल्या, बाटली ६४० ला. मी संख्या १२ टाकली आणि युनिट बाटली. १२ गुणिले ६४० म्हणजे ७,६८०. खरी किंमत ७६,८००. रोजमेळ काका, तुम्ही ‘एखादं शून्य कमी-जास्त’ म्हणाला होता, तेच झालं होतं.

युनिट दुरुस्त केलं आणि ताळेबंदातून ती ओळ गेली. मी मामांना हाक मारून दाखवलं. ते खुर्ची ओढून बसले, डावीकडची बेरीज वाचली, उजवीकडची वाचली, दोन्ही सारख्या, आणि म्हणाले, “आता जुन्या वहीला रेघ मारायला हरकत नाही.”

कपाशी

ताई, अभिनंदन! आमचंही कृषी केंद्र आहे, यवतमाळकडे. औषधांना बॅच आणि एक्स्पायरीची सोय टॅलीत चालू करून घ्या, आत्ताच, ओपनिंगला. नंतर करायचं म्हटलं की सगळा माल परत मोजावा लागतो, आम्ही मोजलाय. मुदत संपत आलेला माल दोन महिने आधी यादीत दिसला तर वितरकाकडे परत लावता येतो. मुदत गेल्यावर तो विकणं गुन्हा, आणि परत घ्यायलाही कुणी तयार नसतं.

अनुदानित खताची विक्री नोंदवायचं पॉस मशीन वेगळं आणि टॅली वेगळी. युरियाची गोणी मशीनवरून गेली पण टॅलीत बिल राहिलं, असं गर्दीत फार होतं. आम्ही रोज संध्याकाळी मशीनची शिल्लक, टॅलीची शिल्लक आणि गोडाऊनमधल्या गोण्या या तिन्हींचा मेळ घालतो. पाच-सात मिनिटांचं काम आहे. कृषी विभागाची तपासणी आली तर साठा रजिस्टर आणि भावफलक यांच्याशी तोच आकडा जुळावा लागतो.

खरीप_रब्बी

बॅचचं आजच करते.

आता खरा घोर उधारीचा. आमचा शेतकरी जूनपासून दिवाळीपर्यंत सात-आठ बिलं करतो आणि कारखान्याचं ऊसबिल आलं की एकदम ४०,००० आणून देतो. कधी डाळिंबाची पट्टी झाली की पंधरा हजार. ते कुठल्या बिलाचे हे तोही सांगत नाही. क्लासमध्ये बिल-वाइज डीटेल्सला ‘यस’ करा एवढंच सांगितलं.

रोजमेळ

‘यस’ कराच. आपल्याकडच्या धंद्यात टॅली घ्यायची ती यासाठीच. बेरीज कॅल्क्युलेटरही करतो.

बिल केलं की ते ‘न्यू रेफ’ म्हणून उघडतं. पैसे आले की टॅली विचारतं, कशापोटी? तिथे ‘अगेन्स्ट रेफ’ घेतलं की त्या शेतकऱ्याची उघडी बिलं तारखेप्रमाणे समोर येतात. सगळ्यात जुनं बिल आधी फेडायचं, उरलेले पुढच्या बिलाला, असं ४०,००० संपेपर्यंत. शेवटचं बिल अर्धवट फिटलं तर त्याची बाकी तशीच उघडी राहते. बिलाआधी ठेवलेले पैसे ‘अॅडव्हान्स’, तुमचे ते सात शेतकरी. ‘ऑन अकाउंट’ असा चौथा पर्याय असतो, तो दिसायला सोपा आणि सगळे तोच दाबतात. मग एकूण बाकी बरोबर दिसते, पण जून महिन्याची बिलं कागदावर उघडीच राहतात आणि पैसे वेगळे पडून असतात. कुणाचं किती दिवस थकलंय ही यादी काढली की चांगला माणूस थकबाकीदार दिसतो. आमच्या अडतीत असंच एका शेतकऱ्याला चारचौघांत मागणी झाली होती. त्याने दोन महिन्यांपूर्वी पैसे दिले होते, पावती त्याच्या खिशात होती. तो परत आमच्याकडे हळद घेऊन आला नाही. वहीत मी त्याचं पान डोळ्यांनी बघितलं असतं तर ती वेळ आली नसती. यादीवर विसंबलो आणि यादी आम्हीच चुकीची बनवली होती.

जुनं बिल आधी, हे शेतकऱ्याला सांगून करा. पावतीवर बिल नंबर छापून द्या.

खरीप_रब्बी

हे वाचून अंगावर काटा आला. मामा पण ‘जुनं आधी’च करतात.

आणखी एक अडचण. आमच्या गिऱ्हाइकांत एकाच नावाचे, वडिलांचं नावही तेच असलेले तीन शेतकरी आहेत. मामांच्या वहीत एक ‘मळ्यातला’, एक ‘कॅनॉलपलीकडला’ आणि एक ‘पोस्टवाला’. टॅली एकच नाव दोनदा घेत नाही.

सरावपाठ

नावापुढे वस्ती लावा आणि एलियासमध्ये, म्हणजे दुसऱ्या नावाच्या रकान्यात, मोबाइल नंबर टाका. काउंटरवर नंबराचे आकडे टाकले की नेमका माणूस समोर येईल. मामांची जी ओळख आहे तीच नावात ठेवा, नवी बनवू नका. दुकानात सगळे त्याच नावाने ओळखतात.

एक गोष्ट इथे आठवली. टॅली १९८६ साली बंगळुरूच्या गोयंका पिता-पुत्रांनी सुरू केली. वडिलांना स्वतःच्या धंद्यासाठी मनासारखा हिशोबाचा प्रोग्रॅम मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला तो करायला सांगितलं. त्या काळातल्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक खात्याला कोड नंबर द्यावा लागे. यांनी कोड काढून टाकले आणि खातं नावाने शोधायची सोय केली. मुलाला, भरत गोयंकांना, २०२० साली पद्मश्री मिळाली. वडिलांना वहीत माणूस नावाने दिसायचा, तसाच संगणकातही दिसावा, एवढी साधी ती गरज होती. तुमच्या मामांची गरज तीच आहे.

आखातवारा

दुबईतून लिहितोय. मी २००६ मध्ये इचलकरंजीत टॅली ७.२ शिकलो, महाराष्ट्रात विक्रीकर जाऊन व्हॅट येऊन वर्षच झालं होतं. इथे आलो तर ऑफिसात टॅलीच होती. १ जानेवारी २०१८ पासून इथे ५ टक्के व्हॅट लागला तेव्हा माझ्या बरोबरचे लोक गोंधळले, मला आपल्याकडचा व्हॅट पाठ होता म्हणून निभावलं. देश बदलला, करांचं नाव बदललं, पण खरेदीवरचा कर विक्रीवरच्या करातून वजा होतो ही चाल तीच. नवीन शिकणाऱ्यांनी ती चाल कागदावर एकदा सोडवून बघावी, मग कुठलाही कर येवो.

मुक्तस्रोत

परवान्याचे पैसे नसतील तर जीएनयूकॅश हा मोफत प्रोग्रॅम आहे, दुहेरी नोंदीचा, विंडोजवर चालतो. संस्थेचा, मंडळाचा, घरचा हिशोब त्यात उत्तम होतो. मी आमच्या सोसायटीचा ठेवतो. ताईंच्या दुकानाला मात्र तो सुचवणार नाही, जीएसटीची विवरणपत्रं आणि बॅचचा साठा त्यातून निघत नाही.

सातारी_सीए

धागा वाचून आनंद झाला. सीए म्हणून चार गोष्टी घालतो.

तुमच्या काउंटरवर एकाच बिलात तीन दर येतात. बियाण्यावर कर नाही, रासायनिक खताला ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकाला १८. सूक्ष्म अन्नद्रव्यं, काही जैविक कीटकनाशकं आणि ठिबक-तुषार संच १२ टक्क्यांत होते, ते २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाले. साधा पीव्हीसी पाइप मात्र १८ मध्येच आहे, तो ठिबकच्या गटात ढकलू नका. एप्रिलपासूनच्या नोंदी आता करताय, म्हणून वस्तूचा जुना दर पुसून नवा लिहू नका. दरासोबत ‘लागू तारीख’ असते, तिथे २२ सप्टेंबर घालून नवा दर जोडा. नाहीतर जुलैच्या बिलावरही ५ टक्केच लागेल आणि भरलेल्या विवरणपत्राशी मेळ बसणार नाही. १२ टक्क्यांनी घेतलेला माल २२ नंतर विकला तर बिल ५ टक्क्यांनीच, आणि खरेदीवर घेतलेलं क्रेडिट तुमचंच राहतं.

बियाणं करमुक्त असल्यामुळे दुकानभाडं, फोन अशा सामायिक खर्चावरचं पूर्ण क्रेडिट मिळत नाही, विक्रीच्या प्रमाणात काही परत करावं लागतं. तुमच्या सीएंना बियाण्याची विक्री वेगळी काढून द्या, म्हणजे विक्रीचं लेजर (खातं) वेगळं ठेवा.

दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर २बी, म्हणजे तुमच्या खरेदीवरच्या क्रेडिटचं विवरण, तयार होतं. खरेदी रजिस्टर त्याच्याशी ताडा. वितरकाने त्याच्या बाजूने बिल दाखवलं नसेल तर तुमचं क्रेडिट अडकतं. तेव्हा फोन करायचा, वर्षाअखेरीस नाही.

आणि गल्ल्यातून काढलेले घरखर्चाचे पैसे. रोजच्या दोनशे-पाचशेची नोंद कुणीच करत नाही आणि मग मार्चमध्ये पुस्तकात रोख दोन लाख, प्रत्यक्षात गल्ल्यात नऊ हजार. ‘ड्रॉइंग्ज’ म्हणून भांडवलाखाली खातं उघडा आणि त्याच संध्याकाळी नोंद करा. रात्री टॅलीची रोख आणि गल्ला मोजून जुळलाच पाहिजे. मामांचा रोजमेळ म्हणजे नेमकं हेच होतं, ती सवय सोडू नका.

चुकलेलं बिल डिलीट करू नका, कॅन्सल करा, ऑल्ट एक्स. नंबरांची साखळी तुटता कामा नये. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. तुमचं एकट्याच्या मालकीचं दुकान असेल तर ते बंधन नाही, तरी एडिट लॉग चालू ठेवायला हरकत नाही. कोणती नोंद कधी बदलली हे आपल्यालाही बघता येतं.

कपाशी

बॅकअप! हे कुणीच लिहिलं नाही. टॅलीचा डेटा तुमच्याच संगणकात असतो. आमच्याकडे भर हंगामात वीज गेली-आली आणि हार्ड डिस्क बसली. शेवटचा बॅकअप एकवीस दिवसांपूर्वीचा. एकवीस दिवसांची बिलं कार्बन कॉपीवरून परत भरली, मी आणि माझी बायको, रात्री दोनपर्यंत. ऑल्ट वाय दाबलं की बॅकअपचा पर्याय येतो. दोन पेनड्राइव्ह ठेवा, आळीपाळीने, आणि एक घरी न्या. दुकानातच ठेवला तर त्याचा उपयोग निम्मा. आणि इन्व्हर्टर आधी घ्या, प्रिंटर नंतर.

खरीप_रब्बी

सगळ्यांचे खूप खूप आभार. आठ दिवसांत काय काय झालं ते कळवते.

बॅच घातल्या. ५ आणि १८ ची विक्री वेगळी केली, बियाण्याचं लेजर वेगळं. ड्रॉइंग्ज खातं उघडलं. पहिल्या संध्याकाळी गल्ल्यात ३४० रुपये कमी भरले. शोधलं तर दूधवाल्याला मीच दिले होते. युरियाची गोणी २६६.५० ला असल्यामुळे पन्नास पैसे रोज येतात, त्यासाठी राउंड ऑफचं लेजर केलं.

शेतकऱ्यांची खाती मामांसोबत पुन्हा तपासायला घेतली आहेत. मी मोठ्या अक्षरात यादी छापली. मी नाव वाचते, मामा आठवून बाकी सांगतात, मग वही बघतो, मग टॅली. १४३ पैकी ६१ झाली. त्यात दोन ठिकाणी मामा म्हणाले की वहीच चुकली आहे. एका भावाच्या नावे दुसऱ्या भावाचं ठिबकचं बिल पडलं होतं, ३,८५० रुपयांचं. दोघांना फोन केला, दोघांनीही हो म्हटलं, तेव्हा जर्नल करून ते इकडून तिकडे वळवलं आणि नोंदीखाली कारण मराठीतच लिहून ठेवलं. ‘कॅनॉलपलीकडला’ आता टॅलीतही कॅनॉलपलीकडलाच आहे.

रोजमेळ काका, मामा विचारताहेत, सांगलीच्या कुठल्या बाजूला तुमची पेढी होती? ते १९९० च्या सुमारास हळद घेऊन यायचे.

रोजमेळ

मार्केट यार्डात, वसंतदादांच्या नावाच्या. मामांना माझा नमस्कार सांगा. उरलेली ८२ खाती झाली की कळवा, मग एप्रिलच्या पहिल्या बिलापासून सोबत बसू.